जॅकवेलमधील गाळ मोजताना : उपसा सिंचनाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठावरील सहकारी पाणीपुरवठा संस्था व खासगी मोटरधारक पावसाळा ओसरताच आम्हाला एकच प्रश्न विचारतात : आमच्या जॅकवेलमधील गाळ काढण्यास किती खर्च येईल? (जॅकवेल म्हणजे नदीचे पाणी आत घेऊन मोटरने उपसण्यासाठी बांधलेली विहीर.) या प्रश्नाचे उत्तर आम्ही फोनवर का देत नाही, ते येथे सांगत आहोत.

कृष्णेचा उतार कराडच्या खाली कमी होत जातो, आणि शिरोळ तालुक्यात, नरसोबावाडीस पंचगंगा तिला मिळते त्या परिसरात, पुराचे पाणी संथपणे पसरते. वाळू लवकर तळाला बसते, परंतु ०.०१ मिलिमीटर व्यासाच्या कणाला स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे तीन तास लागतात, आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या सुट्या कणाला सुमारे तीन दिवस. वाहत्या पाण्यात असे कण बहुतांशी तरंगतच पुढे जातात. मात्र कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवण्यासाठी बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातले की पाण्याचा वेग मंदावतो, आणि जॅकवेलमध्ये तर मोटर बंद असताना पाणी थांबलेलेच असते. त्यामुळे समोरचे पात्र वाळूचे असले तरी विहिरीच्या तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ साचतो.

आमचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो याच मऊपणामुळे. ग्राहक बांबू किंवा दोरीला बांधलेले वजन खाली सोडतात, ते टणक थराला टेकले की तेवढे पाणी आहे असे कळवतात, आणि गाळ फारसा नसल्याचे सांगतात. वस्तुतः बांबू गाळाच्या वरच्या थरातून अडथळ्याविना आरपार गेलेला असतो, कारण त्या थरात मातीपेक्षा पाणीच अधिक असते. आम्ही त्या मापावर विसंबून माणसे व पाइप आणले, तर काम पहिल्याच दिवशी अडते.

योग्य पद्धत सोपी आहे. सुमारे आठ इंच व्यासाची पातळ पत्र्याची चकती मध्यभागी दोरी बांधून आडवी आणि सावकाश सोडावी. ती गाळावर टेकताच दोरी सैल पडते. त्यानंतर त्याच जागी टोकदार सळई टणक तळापर्यंत दाबावी. या दोन मापांतील फरक म्हणजे गाळाची जाडी. दोन्ही मापे पाण्याच्या पातळीपासून न घेता विहिरीच्या कठड्यावर रंगाने केलेल्या कायम खुणेपासून घ्यावीत, कारण बरग्यांप्रमाणे पाण्याची पातळी बदलते आणि मागील वर्षाच्या मापाशी तुलना करता येत नाही. फूटव्हॉल्व्हखाली (मोटरच्या शोषण पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेखाली) एक आणि भिंतीलगत किमान दोन ठिकाणी मोजावे.

एवढे करूनही आम्ही स्वतः येऊन मोजतो व त्याचे शुल्क घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराजी व्यक्त करतात. काम आमच्याकडे दिल्यास ते शुल्क अंतिम बिलातून वजा होते. अंदाजाने सांगितलेला दर एक तर ग्राहकावर अन्याय करतो किंवा काम अर्धवट सोडण्यास भाग पाडतो, आणि यांपैकी काहीही आम्हाला मान्य नाही.

मोटर जास्त वेळ चालवून गाळ आपोआप निघेल, ही समजूतही सोडावी. फूटव्हॉल्व्हभोवती फक्त खळगा पडतो, बाजूचा गाळ पुन्हा त्यात घसरतो, आणि दरम्यान पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणारे ग्लँड पॅकिंग व त्या दांड्यावरील आवरण, म्हणजे शाफ्टचे स्लीव्ह, झिजतात. ठिबक असलेल्या ग्राहकांनी विशेष काळजी घ्यावी : फिल्टरमधील १२० मेशच्या (एका इंचात १२० छिद्रे असलेल्या) जाळीची छिद्रे सुमारे ०.१३ मिलिमीटरची असतात, म्हणजे हा गाळ त्यांतून सहज पार होऊन लॅटरलच्या (पिकाच्या ओळीतील ठिबकच्या नळीच्या) शेवटच्या टोकाला बसतो. फिल्टर स्वच्छ दिसतो, म्हणून पाणी स्वच्छ आहे असे नव्हे.

उपसलेला गाळ आम्ही नदीत परत सोडत नाही. तो काठापासून दूर टाकण्याची जागा ग्राहकाने आधी दाखवावी. स्वतःच्या मळ्यात पसरायचा असल्यास तेथपर्यंतची पाइपलाइन आम्ही वेगळे शुल्क न घेता जोडून देतो. बरगे घालण्यापूर्वी पाणी उतरलेले असताना हे काम कमी वेळात होते, म्हणून त्या आठवड्यांची नोंदणी आधी करावी आणि नोंदणीसोबत वरील दोन्ही मापे कळवावीत.