एकच फाइल, तीन टेबलं

रत्नागिरीकडच्या आंबा पॅकिंग केंद्रात एप्रिल-मेच्या घाईत पेट्यांची नोंद तीन टेबलांवर चालते असं धरू: आवक, प्रतवारी आणि गाडीभरणी. तिन्ही लिनक्स संगणकांनी सर्व्हरवरचा एकच फोल्डर एनएफएसने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरच्या फाइल नेटवर्कवरून वापरण्याच्या पद्धतीने, जोडून घेतलाय. आवकवाल्याने पेट्या चढवल्या तरी गाडीजवळच्या स्क्रीनवर आकडा जुनाच दिसतो, आणि सगळे केबल तपासायला धावतात. केबल शाबूत असते.

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणलेली ही पद्धत वेगासाठी फाइलचा मजकूर, तिचा आकार आणि बदलाची वेळ प्रत्येक संगणकाच्या मेमरीत ठेवते. लिनक्स ही माहिती फाइलसाठी 3 ते 60 सेकंद न तपासता खरी धरतं. हमी एवढीच, की एकाने फाइल बंद केल्यावर दुसऱ्याने ती उघडली, तर नवा मजकूर मिळेल. सकाळी उघडलेली फाइल संध्याकाळपर्यंत उघडीच ठेवणाऱ्याला ही हमी लागू होत नाही.

खरं नुकसान लिहिताना होतं. शेवटी ओळ जोडायची तर संगणक आधी फाइलचा आकार बघतो आणि तिथून पुढे लिहितो. दोघांना एकच आकार दिसला, की एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीने पुसली जाते आणि कुठलीही एरर येत नाही. म्हणून लिहिण्याआधी लॉक घ्यावा, म्हणजे 'आत्ता मी लिहितोय, बाकीच्यांनी थांबा' अशी खूण. लॉक घेताना लिनक्स सर्व्हरकडून ताजा मजकूर मागवतं, सोडताना आपला मजकूर तिकडे पोचवतं. मात्र एका जरी प्रोग्रामने लॉक टाळला तरी बाकीच्यांची शिस्त वाया जाते. त्यापेक्षा प्रत्येक टेबलाची फाइल वेगळी ठेवून बेरीज नंतर करणं कितीतरी सुरक्षित. पूर्ण फाइल बदलायची असेल तर त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर डिस्कवर पोचवायला लावा), मग रिनेम करा. नव्याने उघडणाऱ्याला जुनी किंवा नवी फाइल मिळते, अर्धवट कधीच नाही.

वळवाच्या पावसात वीज जातेच. सर्व्हरच्या एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे फोल्डर इतरांना खुला करण्याच्या सेटिंगमध्ये, 'असिंक' असेल तर डिस्कवर न पोचलेला मजकूरही तो 'लिहिला' म्हणून कळवतो, आणि वीज गेली की तो मजकूर गेला. तिथे 'सिंक'च हवं. संगणकांवर माउंट, म्हणजे फोल्डरची जोडणी, 'हार्ड' ठेवा; ती सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघते. 'सॉफ्ट' जोडणी मुदत संपली की एरर देऊन मोकळी होते आणि फाइल अर्धी राहू शकते. सर्व्हर परत चालू झाल्यावर एनएफएसची आवृत्ती 4 संगणकांना जुने लॉक परत मागायला साधारण 90 सेकंद देते. तोवर नवा लॉक मिळत नाही आणि प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो. घाबरून सर्व्हर पुन्हा रिस्टार्ट केलात, तर ती मुदत पहिल्यापासून सुरू होईल.