सॉर्टेड कॉन्फिग फाईल्स कमांड लाईनवरून एडिट करणं

युनिक्स आणि लिनक्सच्या इटीसी फोल्डरमधल्या, म्हणजे सिस्टमची सेटिंग्ज ठेवायच्या जागेतल्या, बऱ्याच फाईल्स ठरावीक क्रमाने वाचल्या जातात, कुठे फाईलच्या आतल्या ओळी क्रमाने लावलेल्या असतात तर कुठे अख्ख्या फोल्डरमधल्या फाईल्स नावाच्या क्रमाने एकामागून एक घेतल्या जातात. टर्मिनलवरून त्यात बदल करताना काय लिहिलं यासोबत ते कुठे बसलं हेही बघावं लागतं, कारण एकच सेटिंग दोनदा आलं तर कोणतं चालणार हे जागेवरून ठरतं. खरी गोची अशी की प्रत्येक प्रोग्रामचा नियम वेगळा आहे: पासवर्ड फाईल (युजरची यादी) आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) यांच्यात पहिलं सापडेल ते घेतात, सुडोअर्स (कुणाला रूटचे म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्याचे अधिकार वापरता येतात ते ठरवणारी फाईल) आणि सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग्ज) यांच्यात शेवटचं. एवढं माहीत नसेल तर एडिटर उघडूच नये.

पासवर्ड फाईलचंच बघा. प्रत्येक ओळीत कोलनने तोडलेली ७ फील्ड्स, त्यातलं तिसरं म्हणजे युआयडी, युजरचा नंबर, रूटचा ० आणि साधे युजर बहुतेक डिस्ट्रोमध्ये १००० पासून पुढे. युजर येत-जात राहिले की ओळी विस्कटतात, मग नीटनेटकं करायला म्हणून लोक सरळ सॉर्ट कमांड चालवतात, कोलनवर तोड आणि तिसरं फील्ड आकडा म्हणून घे. दिसायला बरोबरच वाटतं. पण दोन ओळींचा युआयडी सारखा निघाला तर सॉर्ट पूर्ण ओळ बघून अक्षरक्रम लावतं, म्हणजे कुणी ० युआयडीवर अ‍ॅडमिन नावाचं जास्तीचं खातं केलेलं असेल तर ते रूटच्या वर जाऊन बसतं, आणि युआयडीवरून नाव शोधताना पहिली ओळ घेतली जाते, त्यामुळे फाईल्सची यादी दाखवणारं एलएस मायनस एल मारलं की रूटच्या सगळ्या फाईल्सचा मालक अ‍ॅडमिन दिसायला लागतो. सॉर्टला मायनस एस दिलं तर सारख्या युआयडीच्या ओळींचा मूळ क्रम तसाच राहतो.

आणखी एक, सॉर्टचं आउटपुट त्याच फाईलवर रिडायरेक्ट करायचं नाही. शेल आधी फाईल रिकामी करतं, मग सॉर्ट सुरू होतं, त्याला वाचायला काही उरतच नाही. त्यासाठी मायनस ओ आहे. फाईल क्रमात आहे का एवढंच बघायचं असेल तर मायनस सी, पहिली चुकलेली ओळ दाखवून थांबतं. नावावरून सॉर्ट करताना लोकेल (भाषेप्रमाणे अक्षरक्रम ठरवणारं सेटिंग) सी ठेवा, नाहीतर कॅपिटल-स्मॉल आणि हायफनचा क्रम मशीनगणिक बदलतो, आणि कॉम किंवा जॉइन या दोन फाईल्स ताडून बघणाऱ्या कमांडना तीच फाईल पुढे दिली की ते फाईल सॉर्ट केलेली नाही म्हणून तक्रार करतात.

तरी पासवर्ड फाईलला हा खटाटोप करूच नये, पीडब्ल्यूसीके मायनस एस हे काम युआयडीप्रमाणे करतं आणि शॅडो फाईलही (जिथे पासवर्डचे हॅश असतात) त्याच क्रमाने लावतं, ग्रुपसाठी जीआरपीसीके. हाताने ओळ बदलायची तर व्हीआयपीडब्ल्यू, जे ४.० बीएसडीपासून म्हणजे १९८० पासून आहे. ते फाईल लॉक करतं, म्हणजे तुम्ही एडिट करत असताना दुसरीकडून कुणी नवा युजर बनवणारं युजरअ‍ॅड चालवलं तर दोघांचे बदल एकमेकांवर चढत नाहीत.

सुडोअर्ससाठी व्हीआयसुडो, आणि सुडोअर्स डॉट डी फोल्डरमधल्या फाईलसाठी तेच मायनस एफ देऊन. सिंटॅक्स चुकली की ते विचारतं आता काय करू, तिथे ई म्हणजे परत एडिट, एक्स म्हणजे सेव्ह न करता बाहेर, आणि कॅपिटल क्यू म्हणजे चुकीसकट सेव्ह, तो कधीच दाबू नका. या फोल्डरमधला क्रम अक्षरांचा असतो, आकड्यांचा नाही, सुडोच्या मॅन्युअलमध्येच उदाहरण दिलंय की १_वूप्स ही फाईल १०_सेकंडच्या नंतर लोड होते. म्हणून नंबर कायम दोन आकडी द्यायचे, ०१, १०, २०. शिवाय नावात टिंब असलं की सुडो ती फाईल काही न सांगता सोडून देतं, त्यामुळे सवयीने शेवटी डॉट कॉन्फ लावणारे तासन् तास शोधत बसतात की नियम लागू का होत नाही.

एसएसएचमध्ये बरोबर उलटी फसगत होते. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये दुसऱ्या फाईल्स इन्क्लूड करायची सोय ओपनएसएसएच ८.२ मध्ये २०२० साली आली, डेबियन-उबुंटूमध्ये ती इन्क्लूडची ओळ मुख्य फाईलच्या वरतीच असते. इथे पहिली किंमत जिंकते. सिसकंट्रोलच्या सवयीने कुणी ९९ नंबरची फाईल टाकून पासवर्ड लॉगिन बंद केलं आणि ५०-क्लाउड-इनिट या क्लाउड सर्व्हरवर आपोआप बनणाऱ्या फाईलमध्ये ते आधीच चालू असेल तर सर्व्हर उघडाच राहतो, आणि ज्याने फाईल टाकली त्याला वाटतं काम झालं. फाईल वाचून समाधान मानू नका, एसएसएचडी कॅपिटल टी चालवून प्रत्यक्ष लागू झालेली किंमत बघा, आणि रीलोड करताना चालू सेशन तसंच ठेवून दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघा.

सिसकंट्रोलला ९९ बरोबरच आहे. तिथे युएसआर-लिब, रन आणि इटीसी या सगळ्या फोल्डरमधल्या फाईल्स एकत्र करून नावाने लावतात, आणि एकाच नावाची फाईल दोन ठिकाणी असली तर इटीसीतली घेतात, दुसरी वाचतच नाहीत. सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ कॅट-कॉन्फिग दिलं की कोणती फाईल कुठून आली आणि कोणत्या क्रमाने लागली ते एका दमात टर्मिनलवर दिसतं.