समाधान कामाच्या मांडणीतून येते

कर्मचारी समाधानी असतील तर काम चांगले होते, हे विधान इतके स्वाभाविक वाटते की त्याला पुरावा मागण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र इथे एक मोठी अडचण आहे. ज्याचे काम चांगले होते त्याचे कौतुक होते, त्याला बढती मिळते आणि साहजिकच तो समाधानी दिसतो; मग समाधानामुळे काम सुधारले, की काम सुधारल्यामुळे समाधान लाभले, हे नुसत्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

ब्रिटनमधील बीटी या दूरसंचार कंपनीच्या अकरा कॉल सेंटरमध्ये झालेल्या एका अभ्यासाने हा गुंता मोठ्या कल्पकतेने सोडवला. क्लेमाँ बेले, जाँ-इमॅन्युएल द नेव्ह आणि जॉर्ज वॉर्ड या संशोधकांनी सुमारे १,८०० विक्री कर्मचाऱ्यांना सहा महिने दर आठवड्याला एक छोटासा ई-मेल पाठवला. त्यात अतिशय दुःखी ते अतिशय आनंदी अशा पाच चेहऱ्यांची चित्रे होती आणि त्या आठवड्यात आपले मन कसे होते, हे त्यांपैकी एका चित्रावर क्लिक करून सांगायचे होते. विक्रीचे, हजेरीचे आणि कॉलचे आकडे कंपनीकडे आपोआप नोंदले जातच होते. समाधान आणि विक्री यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ओळखण्यासाठी संशोधकांनी हवामानाचा आधार घेतला. मोठ्या खिडक्या असलेल्या इमारतीत बाहेरचे मळभ डोळ्यांसमोर राहते आणि मन काहीसे खट्टू करते. पण कॉल देशभरातून येत असल्यामुळे त्या गावच्या आभाळाचा ग्राहकांच्या मागणीशी काही संबंध नसतो. म्हणजे हवामानामुळे विक्री बदललीच, तर ती कर्मचाऱ्याच्या मनातून वाट काढूनच बदलणार. या पद्धतीने हिशेब केल्यावर दिसले की मन प्रसन्न असलेल्या आठवड्यांत विक्री सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. विशेष म्हणजे, या आठवड्यांत कर्मचारी जास्त तास बसत नव्हते. तेवढ्याच वेळात ते थोडे अधिक कॉल घेत होते, वेळापत्रक अधिक काटेकोरपणे पाळत होते आणि मुख्य म्हणजे अधिक संभाषणांचे रूपांतर विक्रीत करत होते.

इथवर आल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो: मनाची ही प्रसन्नता आणायची कशी? बहुतेक संस्थांचे पहिले उत्तर म्हणजे कल्याण कार्यक्रम. योगवर्ग, ध्यानाची अ‍ॅप, ताण कसा हाताळावा याच्या कार्यशाळा, आरोग्य तपासणी. यामागची भावना चांगली असते, यात शंका नाही. परंतु अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांपैकी कुणाला असा कार्यक्रम द्यायचा आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरवून तुलना केली, तेव्हा वैद्यकीय खर्च, गैरहजेरी आणि कामगिरी या कशावरही उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. ब्रिटनमधील ४६,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात सांगण्याजोगा फरक दिसला नाही. माझ्या मते यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ताण जिथे निर्माण होतो ती जागा तशीच ठेवून, तो सोसण्याची शक्ती तेवढी कर्मचाऱ्याने वाढवावी, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

ताण नेमका कुठे निर्माण होतो, यावर सर्वांत मोठा प्रकाश लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधून पडला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. वरच्या पदावरच्या अधिकाऱ्यांवर जबाबदारीचे ओझे असते, म्हणून हृदयविकार त्यांनाच अधिक गाठत असणार, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात चित्र उलटे निघाले. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट होता, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही या तफावतीचा मोठा भाग उलगडत नव्हता. मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास हाती घेतला. त्यातून पुढे आलेला एक महत्त्वाचा धागा म्हणजे कामावरचे नियंत्रण: आपले काम कोणत्या क्रमाने करायचे, कोणत्या पद्धतीने करायचे, थोडी उसंत कधी घ्यायची, हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त होते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच या विचाराची सैद्धांतिक मांडणी केली होती. त्यांच्या म्हणण्यानुसार कामाचा भार आणि कामावरचे नियंत्रण या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. भार जास्त आणि नियंत्रणही जास्त असेल, तर माणूस दमतो पण शिकतो, वाढतो. भार जास्त आणि नियंत्रण नगण्य असेल, तर तेच काम त्याला आतून पोखरू लागते. दिवसाला ठरावीक संख्येने प्रकरणे निकाली काढायची, पण प्रत्येक प्रकरणासाठी वरिष्ठांची सही हवी आणि वरिष्ठ जागेवर नाहीत, अशी स्थिती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या सिद्धांतासाठी वेगळ्या उदाहरणाची गरज नाही. अशा ठिकाणी भार कमी करणे व्यवस्थापनाला नेहमी शक्य नसते. पण काही निर्णय खालच्या पातळीवर सोपवणे बहुधा शक्य असते आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

नियंत्रणाइतकीच महत्त्वाची, किंबहुना दैनंदिन कामात त्याहूनही लवकर जाणवणारी गोष्ट म्हणजे बोलण्याची मोकळीक. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चुकीची मात्रा, चुकीची वेळ, चुकीच्या रुग्णाला दिलेले औषध अशा चुकांची नोंद प्रशिक्षित परिचारिका काही महिने घेत होत्या आणि दुसरीकडे प्रत्येक वॉर्डातील चमू एकमेकांशी किती मिळून काम करतो, याचे सर्वेक्षण चालू होते. ज्या वॉर्डात एकोपा जास्त तिथे चुका कमी, असा अंदाज होता. आकडे हाती आले तेव्हा ते नेमके उलट सांगत होते: चांगले नेतृत्व आणि चांगला एकोपा असलेल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती.

चांगला चमू जास्त चुका कशा करेल? एडमंडसन यांना शंका आली की इथे चुका जास्त होत नसाव्यात, त्या सांगितल्या जास्त जात असाव्यात. ही शंका तपासण्यासाठी त्यांनी एका साहाय्यकाला वॉर्डांचे निरीक्षण करायला पाठवले आणि त्याला गृहीतक किंवा चुकांचे आकडे यांपैकी काहीही कळू दिले नाही. त्याच्या नोंदींतून दिसले की काही वॉर्डांत चूक झाली की लगेच त्याविषयी बोलणे होते, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल याची चर्चा होते. आणि काही वॉर्डांत चूक उघड झालेल्या व्यक्तीला इतके धारेवर धरले जाते की पुढच्या वेळी ती गोष्ट पोटातच राहते. वॉर्डांचा मोकळेपणानुसार त्याने लावलेला क्रम चुकांच्या नोंदींशी बऱ्याच अंशी जुळला. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील ५१ चमूंचा अभ्यास करून एडमंडसन यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले तर आपला पाणउतारा होणार नाही, हा चमूतील सर्वांचा समान विश्वास, असा तिचा अर्थ आहे. गूगलने २०१२ पासून आपल्या सुमारे १८० चमूंचा जो अभ्यास केला, त्यातही उत्तम चमू इतरांपासून वेगळे ठरवणाऱ्या घटकांत हाच घटक अग्रस्थानी आला.

या संकल्पनेचा एक गैरसमज सर्रास आढळतो, तो दूर करायला हवा. मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणे नव्हे आणि कामाच्या दर्जात सूट देणेही नव्हे. कसोटी लागते ती एखादा कनिष्ठ कर्मचारी दारात येऊन ‘माझ्याकडून चुकीची फाइल ग्राहकाला गेली’ असे सांगतो त्या क्षणी. वरिष्ठांचा पहिला प्रश्न ‘हे कुणी केले?’ असा असेल, तर पुढची चूक त्यांना ग्राहकाकडूनच कळण्याची शक्यता वाढते. पहिला प्रश्न ‘आता काय करता येईल, आणि ही फाइल तिथवर पोहोचली कशी?’ असा असेल, तर पुढची चूक वेळेत कळते. सभागृहात फलक लावून ही मोकळीक येत नाही. ती अशा लहान लहान प्रसंगांतून साठत जाते आणि एखाद्या अपमानास्पद प्रसंगाने क्षणात ओसरू शकते.

न्यायाच्या बाबतीतही असेच दिसते. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कंपनीच्या कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली होती. एका कारखान्यात कपातीमागची कारणे सविस्तर समजावून सांगण्यात आली, आकडे दाखवण्यात आले, मनापासून खेद व्यक्त करण्यात आला आणि सर्व प्रश्नांना उत्तरे देण्यात आली. दुसऱ्या कारखान्यात थोडक्यात घोषणा करून विषय संपवण्यात आला. कपात अगदी सारखी असूनही दुसऱ्या कारखान्यात चोरीचे प्रमाण पहिल्यापेक्षा बरेच अधिक वाढले आणि नोकरी सोडणारेही तिथेच जास्त निघाले. माणसाला कमी मिळाल्याचे दुःख होतेच, पण आपल्याला विश्वासात घेण्याइतकेही महत्त्व दिले गेले नाही, ही भावना अधिक खोल जखम करते.

कामाचे तास हा यातला सर्वांत जुना विषय. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांत आठवड्याला सत्तर-सत्तर तास काम चालत असे, आणि त्याचा कामगारांवर व उत्पादनावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी १९१५ मध्ये सरकारने एक समिती नेमली होती. तिने जमवलेल्या आकड्यांचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्केव्हल यांनी २०१४ मध्ये नव्याने विश्लेषण केले. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. त्यापुढे प्रत्येक वाढीव तासाची भर घटत गेली आणि ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे राहिले नाही. म्हणजे ते चौदा तास जवळजवळ वाया गेले. गेली ती फक्त माणसांची झोप आणि विश्रांती. आजही ही किंमत कमी झालेली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि एकट्या २०१६ मध्ये दीर्घ कामाच्या तासांशी निगडित पक्षाघात व हृदयविकाराने ७,४५,००० लोकांचा मृत्यू झाला.

बसण्याच्या जागेविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. भिंती काढल्या की लोक एकमेकांशी अधिक बोलतील, या अपेक्षेने खुली कार्यालये उभी राहिली. पण दोन मोठ्या कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदक अडकवून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले आढळले आणि ई-मेल वाढले. एकांत मिळत नसेल तर माणूस तो हेडफोन लावून स्वतःपुरता निर्माण करतो. त्यातच, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही अंश मागेच रेंगाळतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले आहे. दिवसभरात दोन-तीन तास तरी मीटिंग नाही, संदेशाला तत्काळ उत्तराची अपेक्षा नाही, अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी करता येण्यासारखी आहे.

स्वतःच्या वेळेवरचे नियंत्रण थोडेसे वाढवले तर काय होते, याची एक स्वच्छ चाचणी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख विषम होती त्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करण्याची मुभा देण्यात आली. सम तारखेचे कर्मचारी पाचही दिवस कार्यालयात येत राहिले. सहा महिन्यांच्या या प्रयोगात मुभा मिळालेल्या गटातील राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि पुढील दोन वर्षांच्या कामगिरीच्या मूल्यांकनात व बढत्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. घट विशेषतः स्त्रियांमध्ये, लांबून येणाऱ्यांमध्ये आणि व्यवस्थापकपदावर नसलेल्यांमध्ये होती. या व्यवस्थेने उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घटेल, असे प्रयोगापूर्वी व्यवस्थापकांना वाटत होते. प्रयोग पाहून झाल्यावर ती १ टक्क्याने वाढते, असे त्यांचे मत झाले, आणि कंपनीने ही मुभा सर्वांना लागू केली.