अंगठ्यापासून सहीपर्यंत: कोल्हापूरच्या प्रौढ शिक्षणाची पार्श्वभूमी

आमच्या आजीचा अंगठा कायम निळा असायचा, निदान मला तरी तसाच आठवतोय. दूध सोसायटीत गेली की शाईच्या पॅडवर अंगठा दाबायचा, रजिस्टरवर उमटवायचा आणि मग पदराला पुसायचा. ती शाळेत का गेली नाही हे तिला कुणी विचारलं नाही, पण मला ते शोधावंसं वाटलं, कारण आपण तर शाहू महाराजांच्या गावचे.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळात एक रुपया म्हणजे काय ते जुन्या माणसांना विचारा! पण हा कायदा पोरांसाठी होता, ज्यांचं शाळेचं वय निघून गेलेलं त्यांचं काय? मोठ्यांना शिकवायचा विचार नवा नव्हता, जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्येच पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढलेली आणि महाराजांनी त्याच सत्यशोधक विचाराला पाठबळ दिलं. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या सात वर्षं आधीचं. फक्त ग्रंथालयाचा उपयोग ज्याला वाचता येतं त्यालाच.

आपल्या जिल्ह्यातला यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म १९०७. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात व्ही. टी. पाटलांच्या बरोबरीनं त्यांचा वाटा, आणि पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. त्या अहवालात प्रौढ शिक्षणाला वेगळं प्रकरण आहे. इतका मोठा माणूस आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांना नाव सुद्धा माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोहिमा मग एकामागून एक आल्या. १९५९ ला शेजारच्या साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती राज्यभर गेली. २ ऑक्टोबर १९७८ पासून राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १५ ते ३५ वयाचे लोक, एका वर्गात तीसेक जण, कंदील, पाटी आणि गावातलाच शिकवणारा. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, तिथंही हे काम चालत आलंय, नाव मात्र प्रौढ शिक्षण, मग निरंतर, आता आजीवन अध्ययन असं बदलत गेलं. मला हे नाव बदलणं पटतं कारण 'प्रौढ' म्हटलं की लोकांना लाज वाटायची, दिवसभर उसात राबलेली बाई नातवाएवढ्या पोराकडून बाराखडी शिकायला बसायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

पण माझ्या मते इथं अक्षराची खरी गरज दूध सोसायटीनं लावली. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, आपलं गोकुळ, १९६३ चा. पहाटे केटली घेऊन डेअरीत गेलं की हातात एक चिठ्ठी यायची, त्यावर लिटर, फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, दर आणि रक्कम. वर्गात 'कमळ, बदक' शिकून विसरलेली बाई ही चिठ्ठी विसरत नव्हती, कारण त्यात तिचे पैसे होते. मोहीम संपली की जे शिकलं ते पुसलं जातं ही तक्रार सगळीकडे असते, पण रोज दोनदा चिठ्ठी हातात येत असेल तर आकडे पुसणार कसे?

आता २०२२ पासून उल्लास म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, १५ च्या पुढं कितीही वय चालतं, शेवटी १५० मार्कांची परीक्षा, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० मार्क.

आजी एकाही वर्गात बसली नाही. पण फॅटच्या रकान्यात ६.८ च्या जागी ६.३ दिसलं की ती चिठ्ठी परत घेऊन डेअरीत जायची, आणि पुढं पुढं रजिस्टरवर अंगठ्याच्या जागी तिचं नाव यायला लागलं, तीन अक्षरं, शेवटचं जरा खाली घसरलेलं.