5 > ! > म्हणजे वाडा

मामाने २००६ मध्ये टाइप केलेली घराण्याची माहिती वर्डच्या एका डॉक फाइलमध्ये होती आणि ती फाइल उघडेना. पेनड्राइव्ह कधीतरी मध्येच उपसून काढलेला, त्यामुळे फाइलचं डोकं गेलेलं, धड शाबूत. कुठल्याही सॉफ्टवेअरला दिली की करप्ट आहे म्हणून परत. शेवटी लिनक्सचं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं आणि स्ट्रिंग्स कमांड चालवली. म्हणजे स्ट्रिंग्स टाइप करायचं, पुढे फाइलचं नाव आणि एंटर, झालं.

ही कमांड युनिक्सच्या जुन्या काळातली आणि तिचं काम इतकं साधं आहे की हसू येतं. कुठलीही फाइल म्हणजे शेवटी ० ते २५५ मधल्या आकड्यांची लांबलचक रांग, प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट. आस्की कोडप्रमाणे (अक्षरांना आकडे नेमून देणारी जुनी यादी) ३२ ते १२६ म्हणजे स्पेस, इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं. स्ट्रिंग्स ही रांग चाळत जाते, असे वाचण्यासारखे किमान ४ बाइट सलग सापडले की छापते, बाकीचं फेकून देते. मोठी मोकळी जागा सोडणाऱ्या टॅबचा कोड ९, तोही तिला चालतो (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). फाइल फोटोची आहे की प्रोग्रामची, तिला काही घेणंदेणं नाही.

तरी केवढं हाती लागतं. फोनवर काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याचं मॉडेल आणि तारीख दिसते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा त्याच्या फाइलमध्ये एक लांबलचक, अर्थहीन वेबसाइटचा पत्ता जसाच्या तसा लिहिलेला होता, व्हायरस आधी तो पत्ता ठोठावून बघायचा आणि उत्तर आलं तर गप्प बसायचा. मार्कस हचिन्स या संशोधकाने तो पत्ता विकत घेऊन रजिस्टर केला आणि साथ थंडावली. वर्डची नवी डॉकएक्स फाइल मात्र झिप केलेली, म्हणजे दाबून बसवलेली असते, तिथे आतल्या फाइलींच्या नावांपलीकडे फारसं काही मिळत नाही.

कचराही भरपूर येतो. २५६ पैकी ९६ बाइट चालतात, म्हणजे ८ मधले ३, त्यामुळे निव्वळ योगायोगानेही ४ सलग जमतात. मी गणित मांडून बघितलं, पूर्ण रँडम अशा १० लाख बाइटमधून साधारण १२ हजार फालतू ओळी निघतात. कमांडपुढे मायनस एन हा पर्याय देऊन किमान लांबी ८ केली की त्याच अडीचशेच्या आत येतात. त्यामुळे मी ४ वर कधी थांबतच नाही.

गंमत म्हणजे ही कमांड एकदा जास्त शहाणी व्हायला गेली आणि तिथेच फसली. लिनक्सवरची स्ट्रिंग्स आधी फाइलची रचना ओळखायची आणि प्रोग्राम असेल तर त्याचे ठरावीक भागच वाचायची. २०१४ मध्ये मिखाल झालेव्स्की या सुरक्षा संशोधकाने दाखवलं की मुद्दाम वाकडी रचना केलेली फाइल दिली की ही रचना ओळखणारा भागच कोलमडतो आणि हल्लेखोराला शिरायला वाट मिळू शकते. म्हणजे व्हायरस तपासायला जायचं आणि तपासणाऱ्यालाच लागण! नंतर मुकाट्याने सगळी फाइल चाळणं हाच डिफॉल्ट झाला.

तर मामाची फाइल. स्क्रीनवर मराठीचं एक अक्षर नाही, नुसतं 5 > ! > आणि असलंच काहीबाही, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. कचरा समजून बंद करणार होतो, पण रँडम कचऱ्यात इतके टॅब येतील कशाला?

जुन्या डॉक फाइलमध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी यादी) मराठीचं प्रत्येक अक्षर २ बाइटचं असतं आणि देवनागरीसाठी त्यातला दुसरा बाइट कायम ९, म्हणजे टॅब! पहिला बाइट अक्षराचा. व चा ५३, आस्कीत तो पाचाचा आकडा. काना ६२, म्हणजे >. ड चा ३३, म्हणजे उद्गारचिन्ह. 5 > ! > म्हणजे वाडा. ठ पासूनची व्यंजनं अशी वेषांतर करून चाळणीतून सुटतात, क ते ट मात्र २१ ते ३१ मध्ये पडतात, म्हणून तिथे ओळ तुटते. कडुलिंब असेल तर क गायब, अनुस्वारही.

हल्लीच्या बहुतेक फाइलींमध्ये यूटीएफ-८ (युनिकोडचे आकडे बाइटमध्ये मांडायची एक पद्धत) असतं, तिथे देवनागरीचं अक्षर ३ बाइटचं आणि तिन्ही १२७ च्या वर, म्हणजे स्ट्रिंग्सच्या लेखी ते नाहीच. मायनस ई आणि कॅपिटल एस दिलं की वरचे बाइटही छापले जातात आणि टर्मिनल ते मराठीत दाखवतं. मामाच्या फाइलला ते लागू नव्हतं, तिथे आयकॉन्व्ह नावाच्या दुसऱ्या कमांडने २ बाइटवालं यूटीएफ-१६ बदलून यूटीएफ-८ केलं, मधली घाण हाताने काढली, आणि चार पिढ्या रांगेत उभ्या राहिल्या.

वाडा घेतल्याची ओळ दोनदा निघाली, दोन वेगवेगळ्या सालांची. जुन्या डॉक फाइलीत फास्ट सेव्ह (फक्त बदल तेवढे झटपट सेव्ह करायची वर्डची सोय) चालू असेल तर खोडलेला मजकूरही आत पडून राहायचा, त्यातलीच एक असणार. मामाला फोन केला. म्हणाला, अरे पहिलं बरोबर होतं, तुझ्या आजीने बदलायला लावलं.