शोग्रेन सिंड्रोममधील मूत्रपिंड विकार

शोग्रेन सिंड्रोम या स्वयंप्रतिकार आजारात शरीराच्याच लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींत घुसतात. डोळे व तोंड कोरडे पडते. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ च्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया असतात.

मूत्रपिंडात या पेशी बहुधा लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नलिकांभोवतीच्या ऊतीत शिरतात. रक्त गाळणारे केशिकागुच्छ बऱ्याचदा शाबूत राहतात, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) दीर्घकाळ नॉर्मल येऊ शकते. लघवीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, नलिकांतून गळणारी लहान प्रथिने तिला दिसत नाहीत. एवढ्याच तपासण्यांवर ‘किडनी ठीक’ असा शेरा मारणे घाईचे ठरते. रक्तातले पोटॅशियम, क्लोराइड व आम्ल निष्प्रभ करणारे बायकार्बोनेटही पाहावे लागते.

ठळक विकार म्हणजे दूरस्थ नलिकीय आम्लता, म्हणजे नलिकांच्या शेवटच्या भागातील दोषामुळे रक्तात आम्ल साठणे. संग्राहक नलिकेतील (नलिकांच्या या शेवटच्या भागातील) पेशींना हायड्रोजन आयन (म्हणजे आम्ल) लघवीत टाकता येत नाहीत. काही रुग्णांच्या बायोप्सीत (मूत्रपिंडाच्या तुकड्याच्या तपासणीत) त्यासाठीचा प्रोटॉन पंप सापडतच नाही. रक्तातले बायकार्बोनेट घटते, क्लोराइड वाढते, अॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेट वजा करून येणारा आकडा) नॉर्मल राहतो आणि रक्त आम्लधर्मी असूनही लघवीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ५.३ च्या खाली उतरत नाही. नमुना ताजाच हवा: तो उघडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो. मूत्रसंसर्गातही आकडा फसवा येऊ शकतो.

पोटॅशियमही लघवीवाटे जाते. रात्री धडधाकट झोपलेल्या बाईला सकाळी मांड्यांत जोर नसल्याने उठता येत नाही आणि तिथून मूळ आजाराचा छडा लागतो, असेही घडते. आम्ल शोषताना हाडांतले कॅल्शियम सुटते, लघवीतले खडे रोखणारे सायट्रेट घटते. परिणामी कॅल्शियम फॉस्फेटचे मुतखडे होतात, पुढे हाडे मऊ पडतात. कधी लघवी घट्ट करण्याची क्षमताच जाते. मग लागणारी तहान कोरड्या तोंडाच्या खात्यावर जमा होते.

उपचारांत क्रम महत्त्वाचा. आधी पोटॅशियम भरून काढतात, कारण बायकार्बोनेट आधी दिल्यास उरलेसुरले पोटॅशियम पेशींत शिरून लुळेपणा वाढतो, श्वसनाचे स्नायूही थकतात. ग्लुकोजनेही इन्सुलिन वाढून पोटॅशियम पेशींत शिरते, म्हणून ते ग्लुकोजच्या सलाइनमधून देणे टाळतात. नंतर अल्कली (आम्ल निष्प्रभ करणारे औषध), साधारणतः दर किलो वजनामागे रोज १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांची मात्रा मोजण्याचे एकक), विभागून. सोडियम बायकार्बोनेटच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ६ मिलिइक्विव्हॅलंट असतात. म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला दिवसाला सुमारे आठ ते सतरा गोळ्या! पोट फुगते, गोळ्या घेणे सुटते. पोटॅशियम सायट्रेटने अल्कली आणि पोटॅशियम दोन्ही मिळतात, म्हणून ते सोयीचे. मात्र क्रिएटिनिन वाढलेले असेल तर पोटॅशियम वारंवार मोजावे लागते. नलिकांभोवतीचा दाह कार्यक्षमता घटवत असेल तर बायोप्सीनंतर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णाने टाळाव्यात.

केशिकागुच्छांचा दाह कमी आढळतो, तोही बहुधा क्रायोग्लोब्युलिनमुळे (थंडीत साकळणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांमुळे). लघवीत रक्त व प्रथिने, पायांवर जांभळट पुरळ आणि सी४ (रक्तातले एक प्रतिकारक प्रथिन) कमी हे चित्र दिसले तर लिम्फोमाचाही (लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचाही) शोध घेतात, कारण अशा रुग्णांत त्याचा धोका जास्त असतो.