वाळवंटातल्या दोन लाख तुळया

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वायव्य भागात चाको कॅन्यन ही रखरखीत दरी आहे. इ.स. ८५० ते ११५० या काळात प्वेब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी इथे वालुकाश्माच्या प्रचंड वास्तू उभारल्या. त्यांतली सर्वांत मोठी प्वेब्लो बोनितो. साडेसहाशेच्या आसपास खोल्या, काही भाग चार मजली. पाहणारे भिंतींपुढे थबकतात, पण मला तिथली लाकडं जास्त बोलकी वाटतात.

या वास्तूंच्या छतांना दोन लाखांहून अधिक झाडं लागली असावीत, असा अंदाज आहे. आणि दरीत तर उंच, सरळसोट झाडं जवळजवळ नाहीतच!

ही लाकडं बोलती केली ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी संबंध शोधताना ते झाडांच्या खोडातली वलयं मोजू लागले. पाऊस चांगला झाला तर त्या वर्षीचं वलय रुंद, दुष्काळात अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांत हा क्रम जुळतो. जिवंत झाडांपासून जुन्या तुळयांपर्यंत मागे जाताना मध्ये एक खंड पडत होता. १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो इथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने तो भरून काढला. तेव्हापासून झाड कोणत्या वर्षी तोडलं, हेसुद्धा सांगता येऊ लागलं. बाहेरचं शेवटचं वलय शाबूत हवं, एवढीच अट.

वलयांची ठेवण डोंगरागणिक थोडी बदलते. त्या फरकावरून २०१५ मध्ये संशोधकांनी तुळयांची मूळ रानंही शोधली. सन १०२० पूर्वीची बहुतेक लाकडं दक्षिणेच्या झुनी डोंगरांतली निघाली. १०६० पर्यंत पश्चिमेच्या चुस्का डोंगरांतून जास्त लाकूड येऊ लागलं होतं. दोन्ही ठिकाणं ७५ किलोमीटरहून लांब. त्या लोकांकडे ना चाकाची गाडी होती, ना ओझ्याची जनावरं. प्रत्येक तुळई माणसांनीच वाहून आणली. त्यामागची आखणी आणि एकजूट किती मोठी असेल!

११३० च्या सुमारास वलयं अरुंद होत जातात. जवळपास पन्नास वर्षं दुष्काळ टिकला, बांधकामं थांबली आणि लोक दुसरीकडे गेले. ते ‘गूढरीत्या नाहीसे झाले’ असं अजूनही लिहिलं जातं, ते साफ चूक आहे. होपी, झुनी, अकोमा हे आजचे प्वेब्लो समाज त्यांचेच वंशज, आणि चाको त्यांच्यासाठी आजही पूर्वजांची पवित्र भूमी आहे.